गरजेतून आकार : जॉर्ज मोट्झ यांची ‘हॅम्बर्गर अमेरिका’

खाण्याच्या पदार्थांविषयी कोणी लिहिले की त्या लेखनास वाङ्मयाच्या ओसरीवर बसवावे, माजघरात मात्र येऊ देऊ नये, असा आपल्या टीकाकारांचा एक अलिखित दंडक दिसतो. हा दंडक सर्वस्वी निराधार आहे असे म्हणवत नाही. कारण या विषयावरील बहुतेक लेखन जिभेचे चोचले पुरविण्यापलीकडे जात नाही. तथापि चार्ल्स लॅम्बने भाजलेल्या डुकरावर निबंध लिहिला व ब्रिया-साव्हारँ या फ्रेंच न्यायाधीशाने १८२५ साली रुचीची मीमांसा ग्रंथबद्ध केली, त्यास दोनशे वर्षे लोटली. आणि ती दोन्ही लेखने रसिक अद्यापि वाचतात. आपल्याकडेही रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५ सालच्या ‘सूपशास्त्रा’पासून पाकग्रंथांची परंपरा आहे, आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘माझे खाद्यजीवन’ या लेखाने तर खाणे हा ललित निबंधाचा हक्काचा विषय करून ठेविला. मात्र या सर्व लेखनाकडे जरा निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पाकग्रंथाचा नायक पदार्थ असतो. ललित निबंधाचा नायक खाणारा असतो. जो मनुष्य रोज पहाटे उठून तवा तापवितो, चाळीस चाळीस वर्षे तोच एक पदार्थ करून लोकांस वाढतो आणि त्या तव्यापाशीच म्हातारा होतो, तो या दोहोंतही पडद्याआडच राहतो. त्यास पुढे आणून बसविणारे लेखन विरळा. जॉर्ज मोट्झ या अमेरिकन गृहस्थांनी ‘हॅम्बर्गर अमेरिका’ या एकाच नावाखाली गेली वीस-बावीस वर्षे जे काम चालविले आहे ते या तिसऱ्या वर्गातील आहे, आणि म्हणूनच त्याचा परामर्श गंभीरपणे घेणे अवश्य वाटते.

मोट्झ हे पेशाने कॅमेरामन. २००४ साली त्यांनी ‘हॅम्बर्गर अमेरिका’ नावाचा एक माहितीपट काढला व त्यात देशातील आठ जुन्या हॅम्बर्गरच्या दुकानांचे दर्शन घडविले. चार वर्षांनी, म्हणजे २००८ साली, त्याच नावाचा त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात राज्यवार शंभर दुकानांचे वर्णन होते. पुढे २०११ व २०१८ साली त्याच्या वाढविलेल्या आवृत्त्या निघाल्या आणि दुकानांची संख्या दोनशेवर गेली. मध्यंतरी २०१६ साली निरनिराळ्या प्रांतांतील हॅम्बर्गर घरी कसे करावेत हे सांगणारे त्यांचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले. आणि अखेर २०२३ साली या रसिकाने न्यूयॉर्क शहराच्या सोहो भागात ‘हॅम्बर्गर अमेरिका’ याच नावाचे दुकान स्वतःच उघडले. प्रथम पाहणे, मग टिपणे, मग शिकविणे आणि शेवटी स्वतः करणे, असा हा एका प्रेमाचा क्रम आहे. या प्रेमाचा विषय नेमका कोणता, त्यात खरे किती व लटके किती, आणि या चार पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर त्याचे मोल सर्वांत अधिक, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्नात शिरण्यापूर्वी मराठी वाचकाच्या मार्गातील दोन अडचणींचा उल्लेख करणे प्राप्त आहे. पहिली उघडच आहे. मूळचा हॅम्बर्गर हा गोमांसाच्या खिम्याचा असतो. आपल्यापैकी पुष्कळांस तो धर्माने वा संस्काराने वर्ज्य आहे, आणि २०१५ च्या कायद्यापासून महाराष्ट्रात गाईप्रमाणेच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. परंतु ज्या पदार्थाची चव आपण घेणार नाही त्याविषयीचा ग्रंथ आपण वाचूच नये, असे म्हणणे म्हणजे ज्याने कधी युद्ध पाहिले नाही त्याने वीरकाव्य मिटून ठेवावे असे म्हणणे होय. रसास्वाद आणि जिव्हास्वाद यांतील भेद आपल्या साहित्यशास्त्राने जगास शिकवावा इतका तो आपणांस परिचित आहे. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. हॅम्बर्गर हे नाव आपल्याकडील बहुसंख्य लोकांस ठाऊक झाले ते १९९६ साली मॅकडोनाल्डची दुकाने दिल्लीत व मुंबईत उघडल्यानंतर. आणि तेही गोमांस वगळूनच. म्हणजे जी वस्तू आपण नावाने ओळखतो ती साखळी-दुकानांची, हजारो ठिकाणी एकाच साच्यातून निघणारी वस्तू होय. मोट्झ ज्या वस्तूवर लुब्ध आहेत ती हिच्या अगदी उलट टोकास आहे. हे ध्यानी न घेता त्यांचा ग्रंथ हाती घेतला, तर एवढ्या क्षुल्लक पदार्थासाठी हा मनुष्य देशभर का भटकला याचा उलगडा होणार नाही.

म्हणून थोडा इतिहास. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत खिमा हा संशयाचा विषय होता. अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी १९०६ साली प्रसिद्ध झाली, शिकागोच्या मांसाच्या कारखान्यांतील घाण तिने चव्हाट्यावर मांडली, आणि त्याच वर्षी मांस-तपासणीचा कायदा झाला. खिम्यात काय काय दळले गेले आहे हे कोणास सांगता येणार? या संशयावर उपाय काढला तो १९२१ साली कॅन्सस राज्यातील विचिटा येथे निघालेल्या ‘व्हाइट कॅसल’ने. वॉल्टर अँडरसन आणि बिली इन्ग्रॅम या दोघांनी पांढऱ्याशुभ्र, किल्ल्याच्या आकाराच्या इमारती बांधल्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मांस भाजावयास प्रारंभ केला आणि किंमत ठेविली पाच सेंट. १९३० साली तर या कंपनीच्या खर्चाने मिनेसोटा विद्यापीठात एका वैद्यकीय विद्यार्थ्यास तेरा आठवडे केवळ हॅम्बर्गर व पाणी यांवर ठेवून त्याची प्रकृती तपासण्यात आली! हे दुकान यशस्वी होताच त्याच्या नकला गावोगाव निघाल्या. पुढे १९४८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे मॅकडोनाल्ड बंधूंनी स्वयंपाकघराची रचना कारखान्यासारखी केली, आणि १९५५ पासून रे क्रॉक यांनी ती रचना देशभर व मग जगभर पसरविली. या लाटेत शेकडो एकांडी दुकाने बुडाली. जी उरली, ती का उरली, हा मोट्झ यांच्या जिज्ञासेचा विषय आहे. ताजे, कधीही न गोठविलेले मांस आणि दीर्घ आयुष्य या त्यांच्या मुख्य कसोट्या. वरवर पाहता त्या साध्या वाटतात. पण त्यांतच त्यांची दृष्टी आहे. त्यांस उत्तम हॅम्बर्गर शोधावयाचा नाही. टिकलेला हॅम्बर्गर शोधावयाचा आहे.

आता माहितीपटाकडे वळू. त्यातील न्यू हेवन येथील ‘लुईज लंच’ हे दुकान घ्या. लुई लासेन या डॅनिश माणसाने ते १८९५ साली सुरू केले. १९०० साली घाईत असलेल्या एका गिऱ्हाइकासाठी त्याने मांसाचा खिमा भाजून दोन पावांच्या तुकड्यांत घालून दिला आणि तोच पहिला हॅम्बर्गर, असा त्या कुटुंबाचा दावा आहे. विस्कॉन्सिन, टेक्सस व न्यूयॉर्क या राज्यांतील अन्य गावेही हाच मान मागतात, तेव्हा तो वाद आपण त्यांच्यावरच सोपवू. खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. आजही त्या दुकानात मांस भाजले जाते ते १८९८ सालच्या बिडाच्या उभ्या शेगड्यांत. तारेच्या जाळीत धरलेली चकती उभी टांगली जाते व तिच्या दोन्ही बाजू एकाच वेळी भाजून निघतात. गोल पाव तेथे नाही; भाजलेल्या साध्या पावाचे काप आहेत. चीज, कांदा आणि टोमॅटो एवढेच सोबतीला मिळते. टोमॅटोचे केचप किंवा मोहरी मागणाऱ्यास नकार मिळतो. शहराच्या नवरचनेत जागा जाणार असे दिसताच १९७५ साली त्या कुटुंबाने सबंध इमारतच उचलून क्राउन स्ट्रीटवर नेली. चार पिढ्या एका नकारावर ठाम राहणाऱ्या या घराण्यास हट्टी म्हणावे की निष्ठावंत?

मेम्फिस येथील ‘डायर्स’ची कथा याहून विलक्षण. एल्मर डायर यांनी १९१२ साली सुरू केलेल्या या दुकानात मांसाची चकती चरबीत बुडवून तळतात, आणि ती चरबी आरंभापासून कधी पूर्णपणे बदललेली नाही. रोज गाळावयाची, कमी पडेल तेवढी भर घालावयाची आणि पुन्हा वापरावयाची, असा तेथील परिपाठ असल्याचे सांगतात. दुकानाचे स्थलांतर झाले तेव्हा ती चरबी पोलिसांच्या पहाऱ्यात नव्या जागी गेली, हीही तेथील अभिमानाची आख्यायिका आहे. आपल्या घरांत विरजण पिढ्यान्‌पिढ्या चालते, त्याच्याशी ही कल्पना फार दूरची नाही. चरबीचे नाव काढल्याने नाक मुरडणाऱ्या वाचकाने क्षणभर विरजणाचे स्मरण करावे. मिलवॉकीजवळील ‘सॉलीज ग्रिल’मध्ये, जे १९३६ पासून चालू आहे, पावावर लोण्याचा गोळाच्या गोळा थापतात, विस्कॉन्सिन हा दूधदुभत्याचा प्रांत, तेव्हा तेथे लोण्याची कंजुषी कोण करणार? कनेक्टिकटमधील मेरिडन गावी १९५९ पासून चालत आलेल्या ‘टेड्स’ या दुकानात तवाच नाही. मांस व चीज दोन्ही वाफेवर शिजवितात, आणि हा प्रकार त्या गावाच्या आसपासचा परिसर सोडला तर क्वचितच आढळतो. ओक्लाहोमातील मीअर्स येथे लांब शिंगांच्या स्वतःच्याच कळपाचे मांस वापरतात; मिसुरीतील सिडेलिया येथील ‘व्हील इन’ दुकानात चकतीवर शेंगदाण्याचे लोणी वितळवून घालीत.

या सर्वांपेक्षाही बोलके उदाहरण ग्रंथात आहे, ते ओक्लाहोमा राज्यातील एल रिनो या रेल्वेच्या गावाचे. १९२० नंतरच्या दशकात मांस महाग होते व कांदा स्वस्त. कोणी याचे मूळ १९२२ च्या रेल्वे कामगारांच्या संपात पाहतात, कोणी पुढील मंदीत. कारण काही असो, तेथील दुकानदाराने मांसाचा लहान गोळा तव्यावर टाकून त्यावर बारीक चिरलेल्या कांद्याचा ढीग रचला आणि उलथन्याने सारा भार देऊन तो ढीग मांसात दाबून बसविला. हेतू एवढाच की थोडे मांस पुष्कळ दिसावे. परंतु तव्याच्या आचेने कांद्याचा गोडवा बाहेर आला, कडा करपून कुरकुरीत झाल्या, आणि काटकसरीच्या पोटी एक नवी रुची जन्मास आली. मांसाची टंचाई केव्हाच सरली. पण ‘रॉबर्ट्स’, ‘जॉनीज’ आणि ‘सिड्स’ या त्या गावच्या दुकानांतील उलथने अजून त्याच जोराने कांदा दाबते.

माझ्या मते मोट्झ यांच्या साऱ्या कामाचे सार या एका उदाहरणात साठविलेले आहे. यांतील एकाही दुकानदारास ‘अभिजात’ व्हावयाचे नव्हते. कोणास घाईच्या गिऱ्हाइकाची सोय पाहावयाची होती, कोणास चरबी वाया जाऊ द्यावयाची नव्हती, कोणास मांसाची तूट कांद्याने भरून काढावयाची होती. प्रत्येक आकार हा प्रथम गरजेतून निघाला. मग एक दिवस गरज निघून गेली आणि आकार मागे राहिला. जेथे गरज संपूनही माणसे आकार सोडीत नाहीत, तेथे व्यवहार संपून कलेचा आरंभ होतो. काव्यातील वृत्तांचे तरी याहून काय निराळे आहे? जात्यावरच्या दळणाच्या घरघरीतून ओवीचा ठेका बांधला गेला. जाते गेले तरी ओवी उरली. तव्यावरच्या या क्षुद्र वस्तूत हाच न्याय चालू आहे हे मोट्झ यांनी कोणत्याही साहित्यशास्त्राचा आधार न घेता, केवळ डोळे उघडे ठेवून दाखविले, आणि हे त्यांचे मोठे यश होय. माहितीपटात ते सर्वांत स्पष्ट उतरते, कारण कॅमेऱ्यास हात दिसतात. उलथन्याचा दाब, जाळी फिरविण्याची लकब, पावावर लोणी थापणाऱ्या मनगटाची सवय, या गोष्टी शब्दांनी सांगता येत नाहीत. त्या पाहाव्याच लागतात. ज्याचा मूळ पेशाच छायाचित्रणाचा, त्याची दृष्टी येथे फळास आलेली आहे.

ग्रंथाचा दुसरा गुण असा की त्यात क्रमवारी नाही. आजकाल खाण्याविषयीच्या लेखनास पहिला, दुसरा, दहावा असे आकडे लावण्याची एक खोड जडली आहे. प्रेमाच्या जागी निकालपत्रक आले आहे. मोट्झ दुकाने राज्यांच्या क्रमाने देतात व प्रत्येकास त्याच्या परीने मान देतात. वाफेवरचा हॅम्बर्गर तव्यावरच्यापेक्षा बरा की वाईट, हा प्रश्न त्यांस पडत नाही. तो त्या गावाचा आहे, एवढे त्यांस पुरते. शार्दूलविक्रीडित श्रेष्ठ की अभंग श्रेष्ठ असे विचारणाऱ्यास सुज्ञ रसिक जे उत्तर देईल, तेच हे उत्तर आहे.

योगायोग असा की याच २००८ साली जॉश ओझर्स्की यांचा ‘द हॅम्बर्गर : अ हिस्टरी’ हा छोटेखानी पण तीक्ष्ण ग्रंथ येल विद्यापीठाने प्रसिद्ध केला. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. ओझर्स्की इतिहासकाराच्या भूमिकेतून व्हाइट कॅसल व मॅकडोनाल्ड यांस कथेच्या मध्यभागी ठेवितात. त्यांच्या लेखी हॅम्बर्गर म्हणजे अमेरिकेच्या औद्योगिक बुद्धीचे प्रतीक. गोल पावावाचून हॅम्बर्गर नव्हे, असे त्यांचे मत असल्यामुळे न्यू हेवनच्या लासेन कुटुंबाचा दावाही ते अमान्य करतात. मोट्झ मात्र इतिहासाच्या प्रवाहात न पडता काठावरच्या खडकांस हात लावीत चालतात. ओझर्स्कींच्या ग्रंथात विचार अधिक आहे, मोट्झ यांच्या ग्रंथात माणसे अधिक आहेत. पहिला वाचून हॅम्बर्गर कळतो. दुसरा वाचून तो करणारे कळतात. मला विचाराल तर मी दोन्ही ठेवीन. पण एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी लागते, हेही सांगेन.

कारण मोट्झ यांच्या ग्रंथात उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. पहिली उणीव मांडणीची. राज्यवार रचना प्रवाशास सोयीची खरी. परंतु तिच्यामुळे काळाचा धागा तुटतो. उदाहरणार्थ, न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथील ‘व्हाइट मॅना’ हे १९४६ सालचे इवलेसे दुकान घ्या. लहान चकत्या, त्यांवर कांदा, वाफेने मऊ झालेले पाव आणि समोरच तवा, ही सारी सामग्री व्हाइट कॅसलचीच पुढची पिढी आहे. नावातील पांढरेपणासुद्धा तेथूनच आलेला. म्हणजे साखळी-दुकानांविरुद्ध ज्या एकांड्या दुकानांची बाजू आपण घेतो, त्यांतील कित्येक एका साखळीच्याच नकला म्हणून जन्मली. मोट्झ यांस हे ठाऊक नाही असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु ग्रंथाची रचनाच अशी की ही वंशावळ वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही, आणि ‘एकांडे ते अस्सल, साखळीचे ते नकली’ अशी एक सोपी समजूत त्याच्या मनात घर करून बसते. परंपरा इतकी सोवळी कधीच नसते.

दुसरी उणीव मोठी आहे, आणि ती केवळ या ग्रंथाची नव्हे, तर जुन्या दुकानांवरील अशा सर्वच प्रेमाची आहे. या कथा प्रामुख्याने मालकांच्या व नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या मुखातून येतात. मालक आजोबांची गोष्ट सांगतो, गिऱ्हाईक बालपणाची. आणि काउंटरपुढील गोल उंच बैठकींवर सारा गाव खांद्यास खांदा लावून बसतो असे एक हृद्य चित्र तयार होते. पण सारा गाव तेथे बसत होता काय? अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कृष्णवर्णी माणसास त्या बैठकीवर बसावयाची मुभा नव्हती. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णी विद्यार्थी वुलवर्थच्या दुकानातील अशाच काउंटरवर जाऊन बसले आणि उठावयास नकार दिला. त्यातून देशव्यापी सत्याग्रह उभा राहिला. त्याच वर्षी नॅशव्हिल येथील ‘क्रिस्टल’ या हॅम्बर्गरच्या दुकानात सत्याग्रहास बसलेल्या जॉन लुईस व जेम्स बेव्हल यांच्यावर, आत कोंडून, कीटकनाशकाचा धूर सोडण्यात आला. सार्वजनिक उपाहारगृहांतील हा भेद कायद्याने बंद झाला तो १९६४ साली. ज्या महाराष्ट्रात पाणवठ्यांचा व हॉटेलांतील वेगळ्या कपबश्यांचा इतिहास आहे, तेथील वाचकास ही गोष्ट फार समजावून सांगण्याचे कारण नाही.

हे लिहिण्यात ग्रंथातील अमुक दुकानाने अमुक अन्याय केला असे सुचविण्याचा हेतू नाही. माझे म्हणणे पद्धतीविषयी आहे. जो मनुष्य केवळ आत बसलेल्यांस प्रश्न विचारतो, त्यास दाराबाहेर उभ्या राहिलेल्यांची कथा कशी मिळावी? गरजेतून आकार निघाला, हे मोट्झ यांनी दाखविले. पण त्या आकारात कोणाची गरज सामावली व कोणाची बाहेर राहिली, हा प्रश्न त्यांची पद्धती विचारू देत नाही. जुन्या वस्तूवरील प्रेमात नेहमीच हा धोका असतो. जुने म्हणून जे आपण जपतो त्यात ओवीचा ठेका असतो, तसे दळणारणीचे कष्टही असतात. ठेका तेवढा घेऊन कष्ट विसरणे हे रसिकतेचे लक्षण नव्हे. ते अर्धवट वाचन होय.

आता या कामाच्या करुण बाजूकडे येऊ. माहितीपटातील आठ दुकानांपैकी ‘व्हील इन’ २००७ साली रस्तारुंदीत गेले. दुसऱ्या जागी ते पुन्हा उभे राहिले, पण फार वर्षे टिकले नाही. न्यू मेक्सिकोतील सांता फे येथील ‘बॉबकॅट बाइट’, जेथे हिरव्या मिरचीचा हॅम्बर्गर मिळे, २०१३ साली बंद झाले. ‘सॉलीज’सारख्या एखाद्यास २०२२ साली जेम्स बियर्ड प्रतिष्ठानाचा ‘अमेरिकेतील अभिजात’ हा सन्मान मिळतो. पण सन्मान आणि भाडे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे ग्रंथाच्या तीन आवृत्त्या एकापुढे एक ठेविल्या असता त्या मार्गदर्शिका न वाटता एखाद्या कुळाच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीसारख्या वाटू लागतात. २००८ चा वाचक ग्रंथ घेऊन प्रवासास निघाला असेल. आजचा वाचक त्यातील काही पाने इतिहास म्हणूनच वाचील. ग्रंथकाराने हा परिणाम योजिला नसेल, तरी तो ग्रंथास गांभीर्य देऊन जातो. माहितीसाठी लिहिलेली पुस्तके माहिती शिळी होताच मरतात. हे पुस्तक माहिती शिळी झाल्यावर अधिक जिवंत झाले आहे.

आणि यामुळेच चौथ्या पायरीचा, म्हणजे २०२३ साली उघडलेल्या दुकानाचा प्रश्न बिकट होतो. जुन्या पद्धतीचे काउंटर, गोल बैठकी, तवा आणि त्यावर एल रिनोच्या रीतीने दाबलेला कांदा, असा तेथला थाट आहे. प्रेमाचा हा शेवट स्वाभाविक आहे. आयुष्यभर अभंग वाचणाऱ्याने एक दिवस स्वतः अभंग रचावा, यात नवल ते काय? आणि त्यांच्या बाजूने एक सबळ युक्तिवादही आहे : मूळ दुकाने एकामागून एक मिटत असता, हातांची विद्या कोणीतरी नव्या हातांस दिली पाहिजे, माहितीपट ती दाखवू शकतो, देऊ शकत नाही. विद्या हातातून हातातच जाते. या युक्तिवादापुढे मी मान तुकवितो.

तरीही रसग्रहणाच्या दृष्टीने पाहता या दुकानात आकार आहे, गरज नाही. एल रिनोच्या दुकानदाराने कांदा दाबला तो मांस परवडत नव्हते म्हणून. सोहोसारख्या महागड्या वस्तीत तो दाबला जातो तो एल रिनोची आठवण म्हणून. पहिली कृती मूळ संहिता, दुसरी तिच्यावरील भाष्य. भाष्यास मी कमी लेखीत नाही. आपले अर्धे वाङ्मय भाष्यांनीच जिवंत ठेविले आहे, आणि ज्ञानेश्वरांसारखा भाष्यकार लाभला तर भाष्यच नवी संहिता होते. परंतु असे होण्यासाठी भाष्यात नव्या काळाची, नव्या जागेची स्वतःची गरज मिसळावी लागते. ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली ती संस्कृत न जाणणाऱ्यांची तहान ओळखून. सोहोतील तव्यास अशी कोणती तहान भेटेल, हे येणाऱ्या पन्नास वर्षांनी ठरवावयाचे आहे. त्या तव्यापुढे आज जो पोरगा उलथने धरून उभा आहे, तो उद्या कोणत्यातरी टंचाईपोटी किंवा कोणत्यातरी घाईपोटी मोट्झ यांनी शिकविलेल्या रीतीत एखादा फरक करील, आणि गिऱ्हाइके तो फरक सोडू देणार नाहीत. तसे घडले तर हे दुकान खऱ्या अर्थाने त्या दोनशे दुकानांच्या पंक्तीस बसेल. नाही घडले, तर ते एक सुरेख संग्रहालय राहील.

एकंदरीत निर्णय असा. चार पायऱ्यांपैकी पहिली, म्हणजे माहितीपट, कलाकृती म्हणून सर्वांत सरस आहे, दुसरी, म्हणजे ग्रंथ, दस्तऐवज म्हणून सर्वांत मोलाची, तिसरी उपयुक्त, चौथीविषयी निकाल राखून ठेवणे न्याय्य. ज्यांस हा पदार्थ कधीही तोंडी लावावयाचा नाही त्यांनीही ग्रंथ वाचावा, माहितीपट पाहावा. पण वाचताना ओझर्स्कींचा इतिहास हाताशी ठेवावा आणि ग्रीन्सबरोच्या त्या चार विद्यार्थ्यांस मनातल्या मनात एका बैठकीवर बसवून घ्यावे. एवढी दुरुस्ती वाचकाने आपल्या पदरची केली, तर तव्यापुढे जन्म काढणाऱ्या माणसांविषयी याहून अधिक आदर शिकविणारे पुस्तक त्यास सहजी सापडणार नाही.